फोर्टमधल्या ज्युनिअर वकिलाने ओळखी कुठे शोधाव्यात?

या वेळचे पत्र सनद मिळून दोन वर्षे झालेल्या एका वाचक भगिनीचे आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही आणि पत्र थोडक्यात दिले आहे.

‘मी मूळची चिपळूणची. शाळा मराठी माध्यमाची. मुंबईत एलएल.बी. केले, बार परीक्षा उत्तीर्ण झाले आणि आता फोर्टमधल्या एका वकिलांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर आहे. रोज डोंबिवलीहून येते-जाते. घरात किंवा नात्यात कोणीही वकील नाही. माझ्याबरोबरचे काही जण परिषदांना जातात, मोठ्या वकिलांसोबतचे फोटो लिंक्डइनवर टाकतात आणि त्यांना कामेही मिळतात असे ऐकते. पुढच्या महिन्यात एक दोन दिवसांची परिषद आहे. तिचे शुल्क माझ्या महिन्याच्या मानधनाइतके आहे. घरून पैसे मागून जावे का? एलएल.एम. करावे का? ओळखी नसलेल्या मुलीने या शहरात पुढे कसे जायचे? कधीकधी वाटते, न्यायाधीशपदाच्या परीक्षेचाच अभ्यास करावा.’

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नांपैकी परिषदेच्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. घरून पैसे मागून त्या परिषदेला जाऊ नका. परिषदा निरुपयोगी असतात असे मला म्हणायचे नाही. लवाद, दिवाळखोरी, बौद्धिक संपदा या विषयांवर मुंबईत होणाऱ्या काही परिषदांत खरोखर उत्तम चर्चा होते. पण तिथे ज्यांना कामे मिळताना दिसतात ते लोक तिथे येण्यापूर्वीच त्या विषयातले काम करत असतात, चहापानाच्या वेळेत ते एकमेकांशी आपापल्या प्रकरणांविषयीच बोलतात, आणि ज्याच्यापाशी अजून बोलण्यासारखे प्रकरण नाही त्याच्या हाती शेवटी व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा तेवढा राहतो. दोन वर्षांच्या वकिलीत महिनाभराचे मानधन त्यासाठी घालू नये. विषय मनापासून आवडीचा असेल तर आयोजकांना पत्र लिहून तरुण वकिलांसाठी सवलत आहे का, चर्चासत्रांची टिपणे घेण्यासाठी कोणी हवे आहे का, हे सरळ विचारा. असे विचारण्यात कमीपणा नाही. लवादाची आवड असेल तर 2016 पासून मुंबईत काम करणाऱ्या मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन या संस्थेचा तरुणांसाठी वेगळा गट आहे, आणि अशा गटांची संध्याकाळची व्याख्याने पुष्कळदा विनाशुल्क असतात. कोर्ट सुटल्यावर जाऊन आठची लोकल पकडता येते, तेवढे पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ओळख म्हणजे वरच्या लोकांची ओळख, असे तुमच्या पत्रातून ध्वनित होते, आणि तुमच्या वयाच्या बहुतेक वकिलांची हीच समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या दहा वर्षांत ज्युनिअरला काम मिळते ते बहुतांशी इतर वकिलांकडून, आणि त्यातही आपल्याच वयाच्या, आपल्याइतक्याच सनदेच्या वकिलांकडून. हे कसे घडते ते पाहा. अशिलांची कामे घेऊन ती कोर्टात मांडायला वकील नेमणाऱ्या सॉलिसिटर फर्ममध्ये काम करणाऱ्या तुमच्या वर्गमैत्रिणीला एका किरकोळ अर्जासाठी कोणीतरी उभे करायचे असते. अशीलाची फी थोडी असल्याने युक्तिवाद करणाऱ्या मोठ्या वकिलाला काम देणे शक्य नसते आणि नाव सुचवण्याचे काम फर्ममधल्या सर्वांत कनिष्ठ असोसिएटकडे येते. एखाद्या चेंबरमधल्या मुलाची एकाच सकाळी दोन कोर्टांत दोन प्रकरणे लागलेली असतात आणि त्याला एका ठिकाणी कोणीतरी विश्वासाचे हवे असते. तुमच्याबरोबर कॉलेजात असलेला एखादा जण पाच वर्षांनी बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या विधी विभागात जातो आणि वकिलांची यादी तयार करताना त्याला कोण आठवते, हा प्रश्न येतो. यांपैकी एकाही माणसासोबतचा फोटो आज कोणी लिंक्डइनवर टाकणार नाही, पण तुमचे पुढचे काम याच माणसांकडून येणार आहे. म्हणून कॉलेजातले, चेंबरमधले, तारखांना समोर उभे राहणारे तुमच्या वयाचे लोक जपा, त्यांच्या अडचणीला उभे राहा, आणि त्यांचे काम आपल्या कामाइतक्याच काळजीने करा.

समोर उभे राहणारे, हे शब्द मी मुद्दाम वापरले. प्रतिपक्षाचा ज्युनिअर हा या व्यवसायातला तुमचा सर्वांत जवळचा साक्षीदार असतो. उच्च न्यायालयात बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, कोलॅप्स होतो, म्हणजे झपाट्याने पुढे सरकतो, तेव्हाचा प्रसंग घ्या. बोर्डावर बऱ्याच खाली असलेले तुमचे प्रकरण, वरच्यांनी एकापाठोपाठ तारखा घेतल्यामुळे, साडेअकरालाच पुकारले जाते. समोरच्या बाजूचे वकील दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात युक्तिवाद करत उभे आहेत आणि त्यांची ज्युनिअर धापा टाकत आत येते. तुम्ही गप्प राहिलात तर कदाचित एकतर्फी आदेशही होईल. पण तुम्ही स्वतःहून उभे राहून, ‘माझे विद्वान मित्र दुसऱ्या न्यायालयात युक्तिवाद करत आहेत, प्रकरण थोड्या वेळाने घेतले तर आमची हरकत नाही’ असे सांगितले, तर तुमच्या अशीलाचे काही बिघडत नाही, कारण असा एकतर्फी आदेश पुढच्या तारखेला बहुधा फिरतोच. ती मुलगी मात्र हे विसरत नाही आणि तिच्या चेंबरमध्ये त्या संध्याकाळी तुमचे नाव निघते. अर्थात आपल्या सिनिअरची सूचना वेगळी असेल तर तीच पाळायची, आणि म्हणूनच अशा वेळी काय करायचे हे त्यांना आधीच विचारून ठेवावे. प्रत्युत्तराच्या प्रतिज्ञापत्राची प्रत कोर्टाच्या दारात हातात ठेवण्याऐवजी आदल्या दिवशी पाठवणे, कागदपत्रांच्या संचाला दोन्ही बाजूंचे पृष्ठक्रमांक जुळतील असे पाहणे, दिलेला शब्द पाळणे, या गोष्टी तुमच्या हातात आहेत आणि त्यांना शुल्क पडत नाही.

तुमच्या चेंबरमधली ओळखही अशीच कामातून वाढते. ज्युनिअरच्या कामांत तारीखवार घटनाक्रमाचे टिपण हे काम सर्वांना कंटाळवाणे वाटते, आणि त्यावरच सिनिअरचा सर्वांत अधिक भरवसा असतो. रायगड जिल्ह्यातल्या जमिनीच्या वादाचे दुसरे अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचे अपील, आहे असे समजा. खरेदीखत, सातबारा, फेरफार, तलाठ्याचा जबाब, पंचनामा, खालच्या कोर्टातला पुरावा, हे सारे मराठीत असते, आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने त्याची भाषांतरे जोडलेली असतात. आता फेरफार नोंद ज्या दिवशी धरली ती तारीख वेगळी आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली ती तारीख वेगळी असते. घाईने केलेल्या भाषांतरात यांतली एकच तारीख उरते, आणि मुदतीचा मुद्दा कधीकधी नेमक्या त्या अंतरावर अवलंबून असतो. ज्या ज्युनिअरने मूळ फेरफार वाचला आहे, दोन्ही तारखा पृष्ठक्रमांकासह टिपणात लिहिल्या आहेत आणि भाषांतरातली चूक सुनावणीच्या आदल्या दिवशी सिनिअरच्या नजरेस आणली आहे, तिला प्रकरणाच्या पुढच्या बैठकीला सिनिअर स्वतः बोलावतात, आणि तिथे सॉलिसिटर आणि अशील दोघेही बसलेले असतात. मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही उणीव म्हणून केला आहे. आपल्या राज्यातल्या दुय्यम न्यायालयांचे कागद ज्याला मुळातून, बारकाव्यासह वाचता येतात, त्याची अपिलाच्या कामात गरज पडतेच. इंग्रजीवर मेहनत घ्याच, रोज एक निकाल मोठ्याने वाचा, मसुदे पुन्हा पुन्हा लिहा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर विनाशुल्क मिळतात आणि घटनापीठांच्या सुनावण्या सप्टेंबर 2022 पासून थेट प्रक्षेपित होतात, त्यामुळे मोठे युक्तिवाद ऐकण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. पण मराठीची लाज बाळगू नका.

विषय कोणता निवडावा, हे तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगते, कारण ओळखी विषयाभोवती जमतात. आत्ता तरुण वकिलांना एक दुर्मीळ संधी आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुनी कलमे ज्यांना तोंडपाठ होती अशा ज्येष्ठांनाही आज पुस्तक उघडावे लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 482 म्हटले की उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, असे सर्वांच्या डोळ्यांसमोर येई. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 हे अटकपूर्व जामिनाचे कलम आहे आणि अंगभूत अधिकार कलम 528 मध्ये गेले आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे पूर्वीचे 65-ब चे प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यायचे असते, त्याचा नमुना अधिनियमाच्या परिशिष्टातच आहे, त्याला पक्षकाराचा एक आणि तज्ज्ञाचा दुसरा असे दोन भाग आहेत आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा, नोंदवावे लागते. हे ज्याला नेमके माहीत आहे, शिवाय 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्याला कोणता कायदा आणि कोणती कार्यपद्धती लागते हे ज्याने नीट समजून घेतले आहे, त्याला बार रूममध्ये लोक शोधत येतात. तुमच्या चेंबरमध्ये फौजदारी काम नसले तरी धनादेश न वटल्याची प्रकरणे तरी असतीलच. तिथून सुरुवात होते.

दिवाणी बाजूलाही असाच एक बदल झाला आहे. मुंबई नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा 1 कोटी रुपयांवरून 10 कोटींवर गेली असून 2024 पासून ती अमलात आहे. पूर्वी जे दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे दावे थेट दाखल होतात त्या शाखेत, दाखल होत आणि जिथे ज्युनिअरला तोंड उघडायची संधी क्वचित मिळे, असे अनेक नवे दावे आता नगर दिवाणी न्यायालयात येतात. तिथे साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते, अंतरिम अर्जावर ज्युनिअरलाही बोलू देतात. उच्च न्यायालयाची इमारत भव्य आहे आणि तिथे वावरण्याची ओढ मला समजते, पण उभे राहून बोलायला शिकायचे असेल तर आठवड्यातला काही वेळ नगर दिवाणी न्यायालयात, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, ग्राहक आयोगासमोर घालवा आणि तशी कामे सिनिअरकडून मागून घ्या. व्यापारी दावा दाखल करण्यापूर्वी, तातडीची अंतरिम मागणी नसेल तर, मध्यस्थीची पायरी 2018 च्या दुरुस्तीने घातली गेली आणि ती बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. अशा मध्यस्थीला अशीलासोबत जाऊन बसा. प्रकरण नेमके कशावर अडले आहे हे तिथे जितके स्पष्ट कळते तितके पुष्कळदा कोर्टात कळत नाही.

ज्येष्ठ वकिलांना भेटायचे कसे, हा तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न आहे. ‘मला मार्गदर्शन करा’ असा संदेश पाठवू नका. त्याचे उत्तर काय द्यावे हे चांगल्या मनाच्या माणसालाही सुचत नाही. त्याऐवजी तुमच्या कामाशी लागून असलेल्या एखाद्या प्रकरणाची अंतिम सुनावणी चालू असेल तर मोकळ्या वेळेत मागच्या बाकावर बसून ती ऐका, त्यात उद्धृत झालेले निकाल संध्याकाळी वाचा, आणि मग त्या वकिलांना दोन ओळी लिहा: मंगळवारी आपण कलम अमुकवर केलेला युक्तिवाद ऐकला, त्यात आपण तमुक निकालातला भेद दाखवला, तो भेद अमुक परिस्थितीतही लागू पडेल का, हे समजून घ्यायचे आहे, दहा मिनिटे मिळतील का. असा प्रश्न विचारणारी व्यक्ती लक्षात राहते. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना तुमच्या स्वतःच्या चेंबरचा त्याच्याशी संबंध नाही ना, एवढे आधी पाहा. आणि एक गोष्ट थोरल्या बहिणीच्या नात्याने सांगते: भेट चेंबरमध्ये आणि कामाच्या वेळेतच ठरवा. जो ज्येष्ठ मार्गदर्शनासाठी हॉटेलात किंवा रात्री उशिरा यायला सांगतो, त्याच्या मार्गदर्शनाची तुम्हाला गरज नाही, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. चेंबरमधल्या आणि रजिस्ट्रीतल्या अनुभवी कारकुनांनाही विसरू नका. प्रेसिपी, म्हणजे कार्यालयाला करायची लेखी विनंती, कशी लिहायची, ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे रजिस्ट्रीने दाखवलेल्या त्रुटी, कोणत्या क्रमाने काढायची, दाखल करताना मिळणारा तात्पुरता लॉजिंग नंबर पडल्यावर काय करायचे, हे ज्ञान पुस्तकात नाही आणि आदराने विचारले तर ते लोक मनापासून सांगतात.

वकील संघटनांविषयी थोडक्यात लिहिते. उच्च न्यायालयात बॉम्बे बार असोसिएशन, ॲडव्होकेट्स असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडिया आणि सॉलिसिटरांची बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी या जुन्या संस्था आहेत, आणि बहुतेक न्यायालयांच्या आवारात तिथली स्वतंत्र संघटना असते. ज्या न्यायालयात तुम्ही सर्वांत जास्त उभ्या राहता तिथल्या संघटनेचे सभासदत्व घ्या, तिचे ग्रंथालय वापरा आणि व्याख्यानांना जा. व्याख्यान ठरवणे, निमंत्रणे पाठवणे, पाहुण्यांना आणायला जाणे, ही कामे करायला माणसे नेहमी कमी पडतात. ती अंगावर घ्या. त्या निमित्ताने होणारी ओळख फोटोपुरती राहत नाही.

लिंक्डइनबाबत मात्र सावध राहा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतला नियम 36 वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास आणि काम मागण्यास मनाई करतो. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, नोंदणी, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मोकळीक मिळाली, पण त्यापलीकडे नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन सेवा पुरवणाऱ्या संकेतस्थळांवरून होणाऱ्या वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध कडक आदेश दिला आणि त्यानंतर बार कौन्सिलने राज्य परिषदांना कारवाईच्या सूचना दिल्या. ‘आज आमच्या अशीलाला जामीन मिळवून दिला, संपर्क साधा’ अशा मजकुराने सनद अडचणीत येऊ शकते, हे तुमच्या मित्रांनाही सांगा. एखाद्या नव्या निकालावर, नव्या कलमावर अभ्यासपूर्ण, नेमके टिपण लिहायला हरकत नाही. महिन्यातून एकच लिहा, पण निकाल स्वतः पूर्ण वाचून लिहा, आणि मराठीत लिहा, कारण मराठीत असे लेखन फार कमी आहे आणि जिल्ह्यातले वकील ते वाचतात.

एलएल.एम. वकिलीसाठी आवश्यक नाही; त्याने कोर्टात उभे राहणे सोपे होत नाही आणि अशीलही ते विचारत नाही. ते करण्याचे एक सबळ कारण मला दिसते, ते म्हणजे अध्यापन. 1979 च्या नियमांनुसार वकिलाला सनद कायम ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत विधी महाविद्यालयात शिकवता येते, आणि तिथे नियुक्तीसाठी पदव्युत्तर पदवी सामान्यतः लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये याच उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा ओळखीचे पाठबळ नव्हतेच, उलट जातीमुळे सॉलिसिटर काम देत नसत. 1925 पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला आणि पुढे 1935 मध्ये ते चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शिकवण्याने मिळकतीला आधार मिळतो, विषय पक्का होतो, आणि आजचे विद्यार्थी चार-पाच वर्षांत व्यवसायातले सहकारी होतात. शिकवण्याची आवड असेल आणि संध्याकाळचे वर्ग झेपत असतील तर एलएल.एम. करा, नुसते नावापुढे लावायला नको.

तुमच्या चिपळूणबद्दल लिहायचे राहिले, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोकणातून आलेल्या वकिलांना पूर्वी गावाकडच्या वकिलांकडून अपिलाची कामे मुंबईत मिळत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारे खंडपीठ, सुरू झाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे गेली. तेव्हा चिपळूणच्या वकिलांकडून तुम्हाला अपिले मिळण्याची वाट आता अरुंद झाली आहे, हे वास्तव लक्षात घ्या. पण चिपळूण, गुहागर, खेडमधल्या किती घरांचा एक पाय मुंबईत आहे ते आठवा. लालबाग-गिरगावातली पागडीची खोली, तिच्या मालकाशी चाललेला वाद, इमारतीचा पुनर्विकास, वडिलांच्या मागे भावंडांत फ्लॅटची वाटणी, विमा कंपनीने नाकारलेला दावा, बिल्डरने अडवलेला ताबा, ही सारी प्रकरणे इथल्या लघुवाद न्यायालयात, नगर दिवाणी न्यायालयात, महारेरा या बांधकाम क्षेत्राच्या नियामकासमोर आणि ग्राहक आयोगासमोर चालतात. गावाकडच्या वकिलाकडे अशील विचारायला येतो, पण त्या वकिलाला मुंबईत कोणाकडे पाठवावे ते माहीत नसते. गणपतीला किंवा शिमग्याला घरी जाल तेव्हा चिपळूणच्या कोर्टाच्या बार रूममध्ये जाऊन बसा, तिथल्या ज्येष्ठांना भेटा, मुंबईतल्या कोर्टातून एखादी नक्कल काढायची असेल, प्रकरणाची स्थिती पाहायची असेल तर मी आहे, एवढेच सांगा. वकिलाने वकिलाला आपली उपलब्धता सांगणे आणि पक्षकाराकडे काम मागत फिरणे यात अंतर आहे. ते ओलांडू नका. आणि एखादे छोटे काम आले तर ते त्याच आठवड्यात करून कळवा, कारण मुंबईच्या वकिलाकडून निरोपच येत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे.

मानधनाबद्दल तुम्ही आकडा लिहिला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून शहरी भागात ज्युनिअरला दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. ती सक्ती नाही, आणि लहान चेंबरना ती परवडत नाही हेही खरे, पण सिनिअरशी बोलताना तिचा आधार घ्यायला हरकत नाही. सुट्टीच्या आधीचा एखादा निवांत दिवस पाहून, दोन वर्षांत तुम्ही कोणती कामे शिकलात ते सांगा आणि मानधनात वाढ किंवा चेंबरबाहेरची छोटी कामे घेण्याची मुभा, यांपैकी एक स्पष्ट मागा. चेंबरबाहेरची कामे करू न देणारा आणि मानधनही न वाढवणारा सिनिअर असेल तर तिसऱ्या वर्षी दुसरे चेंबर शोधणे योग्य ठरेल, आणि त्यात कृतघ्नपणा नाही.

तिसऱ्या वर्षाला आणखी महत्त्व आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांनुसार विधी साहाय्याच्या पॅनेलवर येण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते. त्या पॅनेलवर फी थोडी असली तरी स्वतःच्या नावाने पूर्ण प्रकरण चालवायला मिळते, म्हणून तिसरे वर्ष भरताच अर्ज करा. न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा विचार मनात असेल तर 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे, आणि त्यासाठी किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे, संबंधित न्यायालयाच्या अधिकाऱ्याने दुजोरा दिलेले प्रमाणपत्र चालते. दोन्ही वाटांसाठी तुमच्या हजेरीचा लेखी पुरावा हवा. म्हणून उद्यापासून एक वही घाला: तारीख, न्यायालय, प्रकरण क्रमांक, कोणाच्या वतीने, आणि तुम्ही नेमके काय केले. आदेशाच्या पहिल्या पानावर वकिलांच्या हजेरीत सिनिअरच्या नावासोबत तुमचेही नाव यावे असे सिनिअरना स्वतःहून सांगा. पुकारा होण्यापूर्वी दोन्ही नावे लिहिलेली चिठ्ठी कोर्टातल्या असोसिएटकडे, म्हणजे न्यायाधीशांपुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, देण्याचे काम तुमचेच असते, आणि कितीतरी ज्युनिअर संकोचाने तिच्यावर फक्त सिनिअरचे नाव लिहितात. आदेश संकेतस्थळावर आला की नाव बरोबर छापले आहे का ते पाहा, चुकले असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी बोला, आणि त्याची प्रत त्या वहीत लावून ठेवा.